बाळसे : एका शब्दाचा आणि एका खुणेचा इतिहास

मोठ्या माणसाच्या अंगावरील मेदासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांत थट्टा तरी आहे किंवा निंदा तरी. मुलाच्या अंगावरील मेदाला मात्र आपण ‘बाळसे’ म्हणतो. या शब्दात कौतुक आहे, आणि कौतुकाच्या पाठीमागे भय आहे. गुटगुटीत मुलाला तीट लावली जाते ती उगीच नव्हे. दुष्काळ, पटकी आणि देवी यांच्या काळात मूल जगेल की नाही याचीच शाश्वती नसे. तेव्हा अंगावर मूठभर मांस असणे ही जगण्याची खूण होती. तीच खूण आज रोगाची पूर्वसूचनाही ठरू शकते. हा अर्थपालट कसा झाला, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकालाही उद्बोधक ठरावे.

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले. त्याचे वजन तेव्हा अवघे 65 पौंड, म्हणजे सुमारे 29 किलो होते. मधुमेही मूल म्हणजे हाडांचा सापळा, ही प्रतिमा त्या काळातली. रोगाचा अर्थ सरळ होता : शरीरात काहीतरी उणे आहे, ते बाहेरून पुरवायचे. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले होते. एक जन्मजात, ज्यातला रोगी कृश असतो, आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा, ज्यातला रोगी स्थूल असतो. त्या जुन्या भेदामागचे कारण मात्र आधुनिक वैद्यकालाही अद्याप ठाऊक नव्हते.

1936 साली लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी एक साधा प्रयोग केला. रुग्णाला ग्लुकोज पाजायचे, त्याच वेळी शिरेतून इन्शुलिन द्यायचे आणि रक्तातली साखर पाहत राहायचे. काहींच्या बाबतीत इन्शुलिनने साखर आवरली; काहींची शरीरे त्याला दाद देईनात. रोग केवळ उणिवेचा नाही, बधिरतेचाही असू शकतो, हे त्यातून पुढे आले. परंतु रक्तातले इन्शुलिन मोजण्याची सोय नसल्यामुळे हा विचार बराच काळ मागे पडून राहिला.

ती सोय न्यूयॉर्कमधील रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी केली. इन्शुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, या त्यांच्या निष्कर्षातील ‘प्रतिपिंड’ या शब्दालाच नियतकालिकाने आक्षेप घेतला आणि लेख परत पाठवला. अखेर तो शब्द शीर्षकातून गाळून 1956 मध्ये लेख छापला गेला. याच संशोधनातून 1960 च्या सुमारास किरणोत्सारी मोजमापाची पद्धत सिद्ध झाली, आणि प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन कमी नसून उलट अधिकच आढळले. ऐकणारा ऐकत नाही म्हणून बोलणारा आवाज चढवतो, तसे हे होते. बर्सन 1972 मध्ये निवर्तले. 1977 चे नोबेल पारितोषिक स्वीकारल्यावर यॅलोबाईंनी आपल्या व्याख्यानात ते जुने नकारपत्र सर्वांपुढे ठेवले.

या सर्व काळात मुले चर्चेच्या बाहेरच होती, आणि त्याला कारण नावच होते. हा ‘प्रौढांचा मधुमेह’. तो मुलांना होईलच कसा? अमेरिकेतील पिमा आदिवासींच्या मुलांमध्ये तो 1970 च्या दशकातच नोंदला गेला होता. पुढे सिनसिनाटी येथील नोंदींवरून 1996 मध्ये दिसून आले की, किशोरांमधील नव्या रुग्णांचे प्रमाण 1982 ते 1994 या काळात दहापट झाले होते, आणि त्यांतील बहुतेक लठ्ठ होते. 1997 मध्ये नावच बदलावे लागले. इन्शुलिनवर अवलंबून असणे-नसणे सांगणारी विशेषणे गेली आणि ‘प्रकार 1’, ‘प्रकार 2’ असे निर्विकार अंक आले.

मग प्रश्न आला तो रोगाआधीच्या खुणांचा. 1985 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उपाशीपोटीची साखर आणि इन्शुलिन यांच्या गुणाकारावरून काढायचा ‘होमा’ हा निर्देशांक मांडला. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेले, एचडीएल घटलेले, मेदपेशींतून स्रवणारे अ‍ॅडिपोनेक्टिन कमी झालेले, कंबरेचा घेर उंचीच्या मानाने मोठा, या खुणा पुढे तिच्या जोडीला आल्या. पण मुलाचे शरीर स्थिर नसते. वयात येताना निरोगी मुलांचे शरीरही काही काळ इन्शुलिनला कमी दाद देते, हे 1986 मध्ये दाखवले गेले. त्यामुळे अमुक आकड्यापुढे रोग, अशी सर्व मुलांना लागू पडणारी एकच रेषा आजही आखता आलेली नाही. खूण संदर्भातच वाचावी लागते.

एक खूण मात्र प्रयोगशाळेविना दिसते. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळवंडते आणि मखमलीसारखी जाड होते. रक्तात वाढलेले इन्शुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावते, हे त्याचे एक प्रमुख कारण. घरात त्याचे वाचन ‘मळ’ असे होते. आई घासते, मूल रडते, शाळेत चिडवले जाते. खूण चुकीची वाचली की तिचे लांच्छन होते.

या कथेचे एक महत्त्वाचे प्रकरण पुण्यात लिहिले गेले. तेथील केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 वर्षांच्या 477 मुलांची पाहणी 1999 मध्ये प्रसिद्ध केली. इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देणारी मुले होती ती जन्मतः कमी वजनाची, पण आठव्या वर्षी अंगाने भरलेली. म्हणजे ज्यांनी उशिरा ‘बाळसे धरले’ अशी. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या अभ्यासात नवजात अर्भकांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. स्नायू लहान, पोटातील अवयव लहान, पण त्वचेखालचा मेद मात्र जवळजवळ राखलेला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तातील इन्शुलिन लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा अधिक निघाले. ‘रोड-लठ्ठ’ बाळ! हा विरोधाभास अलंकार नव्हे, तराजूने आणि चिमटीने मोजलेली वस्तुस्थिती आहे.

2008 मध्ये याच गावांतील सहा वर्षांच्या मुलांविषयीचा निष्कर्ष आला. गरोदरपणी सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये बी-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देणारी होती.

लठ्ठ मुलाविषयी बोलताना आपली भाषा चटकन नीतीची होते : हावरट, आळशी, लाडावलेला. खाणे आणि खेळणे यांचे महत्त्व कोणी नाकारत नाही. परंतु पुण्याच्या नोंदी सांगतात की, मुलाने पहिला घास घेण्यापूर्वीच त्याच्या नाळेच्या रक्तात काही लिहिले गेलेले असते. तेव्हा मुलाच्या ताटाकडे बोट दाखवण्याआधी, त्याच्या आईच्या ताटात काय वाढले गेले होते आणि ती घरात कितवी जेवायला बसत होती, हेही विचारावे लागेल.