खामगांवच्या गांठी आणि भास्कराचार्यांचे अंक

खामगांव ही बुलढाणा जिल्ह्यांतील कापसाची जुनी पेठ. १८७० सालीं जलंबहून तेथें आगगाडीचा फांटा आला, तो या व्यापाराकरितांच. अशा पेठेंतील वखारीच्या वहींत 'तीन छापांच्या गांठी आहेत' एवढेंच कोणी लिहिलें, तर मालक त्या कारकुनाला घरीं बसवील. प्रत्येक छापाच्या किती, हें कळलें पाहिजे. गणितांतील संचाला मात्र तेवढें कळत नाहीं; एकच वस्तु दहादां घातली तरी ती त्यांत एकच राहते. पुनरावृत्तीची गणना राखणाऱ्या संचास बहुसंच म्हणतात.

नांव नवें, विचार जुना. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचिलेल्या 'लीलावती'च्या अंकपाश प्रकरणांत विचारिलें आहे, २, २, १, १ या अंकांच्या किती भिन्न संख्या होतील? अंक निरनिराळे असते तर २४. परंतु दोन दोनांची वा दोन एकांची अदलाबदल केल्यानें नवी संख्या होत नाहीं. म्हणून दोनदां २ नें भागून उत्तर ६. तसेंच ४, ८, ५, ५, ५ यांच्या १२० रचना ६ नें भागून २०. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें शेजारच्या खानदेशांत, चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला.

संगणकास काम सांगण्यापूर्वीं तें गणिताच्या भाषेंत नेमकें मांडण्याकरितां ऑक्सफर्ड येथें १९७० नंतरच्या दशकांत 'झेड' ही लेखनपद्धति वाढीस लागली. तींत बहुसंचाचें नांव 'बॅग', म्हणजे पिशवी. प्रत्येक वस्तूपुढें एक धन पूर्णांक. येथेंच अडचण उपजते. सात गांठींतून दहांची मागणी वजा केली, तर पिशवीच्या नियमानें शिल्लक शून्य. तीन गांठींचें देणें नाहींसें होतें! पुढें दहा गांठी आल्या, तर हिशेब सातांऐवजीं दहा दाखवितो. म्हणून १९९० च्या सुमारास ईयन हेझ यांनीं उणे संख्येचीही मुभा देऊन पिशवीचा विस्तार केला. आतां सातांतून दहा गेले कीं उणे तीन, आणि दहा परत आले कीं पुन्हा सात.

परंतु वखारींत उणे तीन गांठी कोणास दिसणार? 'बीजगणितां'तील वानरांच्या उदाहरणांत कळपाची संख्या ५० किंवा ५ येते. पांच घेतल्यास मधली एक राशि उणे दोन होते. ऋण राशींचे नियम स्वतः सांगणाऱ्या भास्कराचार्यांनीं तें उत्तर सोडून दिलें, कारण व्यक्त वस्तूंची ऋण संख्या लोकांस पटत नाहीं. हेझ यांच्या पिशवीसही हीच अट लागते: मागणीच्या हिशेबांत उणे चालेल, प्रत्यक्ष साठ्यांत नाहीं, आणि कोठें चालेल, हें मांडणी करणाऱ्यानें आधींच लिहून ठेवावयाचें असतें.