शाळा कुरणावर गेली तेव्हा

मागच्या हिवाळ्यात एका निसर्ग शिबिरात मुलांना कविता वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. शहरातली चाळीसेक मुलं, डोक्यावर सारख्या टोप्या, गळ्यात दुर्बिणी. मुलं गोड होती, शिबिरही नीट चाललं होतं. त्याला नावं ठेवायची नाहीत. माळाच्या कडेला मात्र दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा शेळ्या घेऊन उभा होता आणि आमच्याकडे टक लावून पाहत होता. शिबिराच्या ताईंनी विचारलं, "हे झाड कोणतं?" मुलं पुस्तक चाळायला लागली. त्या पोरानं जागेवरूनच सांगितलं, "हिवर हाय त्यो!" मुलं हसली, ताईही हसल्या आणि सगळे पुढच्या झाडाकडे वळले. पोरगा शेळ्यांमागं निघून गेला. त्याला कुणी जवळ बोलावलं नाही. मीही नाही.

घरी येईपर्यंत मला माझा मोठा भाऊ आठवत राहिला. आमचं गाव माणदेशातलं. घरात आमची दखनी चालायची, शिवारात मराठी. भाई शेळ्या राखायचा, म्हणून मी शाळेत जाऊ शकलो. शाळेच्या पटावर त्याचंही नाव होतं, पण त्याच्यापुढं गैरहजेरीच लागायची. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की भाई शेळ्या बाजूनं वळवायचा. अंडी जवळपास उघड्यावर असणार, हे त्याला ठाऊक असायचं. हिवर, तरवड, कुसळ, होला हे शब्द मी पुस्तकात वाचले नाहीत. ते मला भाईनं दिले. पुढं मी बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. भाईला आजही सही करताना घाम फुटतो.

बी.ए.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र हाती लागलं आणि 'कुरणशाळा' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला. त्या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो होतो.

या शब्दामागची हकिकत सांगायची तर ताराबाई मोडकांपासून सुरुवात करावी लागते. ताराबाईंचा जन्म १८९२चा. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीचं काम केलं. १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला आणि पुढं दादरला शिशुविहार. हे सगळं नावाजलं गेलं. पण मॉन्टेसरीची साधनं महाग, ती परवडायची खाऊन-पिऊन सुखी घरांना. खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. १९४५ साली दादरचं बसलेलं बस्तान मागं ठेवून त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. मी आज साधारण त्याच वयाचा आहे आणि मला बदलीच्या गावाचीही धास्ती वाटते!

त्यांच्याबरोबर गेल्या अनुताई. जन्म १९१०चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. वर्षभर काम करून पाहू, अशा बेतानं निघालेली ही बाई जन्मभर तिथंच राहिली.

ते १९४५ साल त्या मुलखात साधं नव्हतं. डहाणू-उंबरगाव पट्ट्यातले वारली त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध उठले होते; गोदावरी परुळेकर आणि किसान सभेनं त्यांना उभं केलं होतं. मोठ्यांच्या पाठीवर वेठ होती तशी पोरांच्या मागं गुरं होती. अशा घरात पाटी-पेन्सिल घेऊन गेलं तर आई-बाप काय म्हणणार? पोर शाळेत आलं, तर गुरांमागं कोण जाणार?

बोर्डीत आधी एक अनुभव आला होता. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या बायकाच वस्तीत गेल्या, अंगणात बसल्या, पोरांना न्हाऊ-माखू घालून गाणी म्हणू लागल्या. अंगणवाडी ती तिथली. १९७५मध्ये केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर हललं आणि तिथं वारली मुलांसाठी हीच वाट आणखी पुढं नेली. मोठ्या बहिणीला धाकटं भावंड सांभाळावं लागतं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. आणि गुरं राखणारी मुलं तरीही येईनात, तेव्हा शिक्षकच साधनं घेऊन कुरणावर गेले. गुरं चरतायत आणि शाळा भरलीय, ती कुरणशाळा. महागड्या साधनांचा प्रश्नही तिथं सुटत गेला. मोजायला खडे, बिया. रंग-आकार ओळखायला पानं-फुलं. बोर्डीला समुद्र होता, तिथं शंख-शिंपले. निसर्ग दाखवायला मुलांना कुठं न्यायचं नव्हतं. मुलं होतीच तिथं, आपल्या आधीपासून.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि मला तो खोटा वाटत नाही. शाळा कुरणावर नेली म्हणजे मुलानं गुरं राखावीत, हे मान्यच केलं की! राबणारं मूल राबतच राहिलं. २०१०च्या एप्रिलपासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाची जागा शाळेत आहे, हे आता कायद्यानं ठरलं आहे, आणि ते योग्यच झालं. पण १९५०-६०च्या त्या टेकडीवर भूक संपेपर्यंत थांबायचं, तर ती पोरं तेवढ्यात म्हातारी झाली असती. या दोघींनी गुरं राखण्याचा गौरव केला नाही. त्यांनी फक्त मुलाला गैरहजर लिहिलं नाही.

माझ्या भावाच्या बाबतीत कुणाला हे सुचलं नाही. त्याचा राग आता उरलेला नाही. त्या गुरुजींकडं चार इयत्ता आणि एक खोली होती. पण निसर्ग शिबिरांची माहितीपत्रकं हातात आली की मला तो पट दिसतो. फी भरणारी मुलं जे शिकायला माळावर येतात, ते ज्याला आधीच येतं, तो मुलगा माळाच्या कडेलाच उभा असतो.

ताराबाई १९७३मध्ये गेल्या, अनुताई १९९२मध्ये. हे टिपण लिहायला घेतलं तेव्हा गावी जाऊन मी भाईला कुरणशाळेची हकिकत सांगितली. तो ओट्यावर बसून दावं वळत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, "आणि पोरं शिकायला बसली की गुरं कोण वळायचं?"

मी गप्प. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

"पाळी लावायची," भाई म्हणाला. "एकानं वळायची, बाकीच्यांनी बसायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा." आणि दाव्याला गाठ मारत म्हणाला, "आपल्याकडं आली असती ना ती बाई, तर सोमवार मी घेतला असता. बाजारचा दिवस. कोण थांबतंय त्या दिवशी?"