मावांगतुईचा सरदारपुत्र

सिक्कीमच्या पोस्टवर एका नव्या जवानाने रात्री दबकत विचारलं, "साहेब, धातू गेला की आयुष्य घटतं का?"

मला चीनमधलं मावांगतुई आठवलं. इ.स.पू. १६८चं तिथलं एक थडगं १९७३ मध्ये उघडलं. आत रेशमावर लष्करी ठाण्यांचा नकाशा, लाओत्झूचा ग्रंथ आणि बांबूच्या पट्ट्यांवर कामशास्त्र. संभोग वर्ज्य नाही, पण वीर्य राखा. प्राणशक्ती टिकते, आयुष्य वाढतं. ताओपंथीयांनी हा विचार पुढे शतकानुशतकं जपला.

थडग्यातला सरदारपुत्र मात्र तिशीतच गेला होता.

हे सांगून मी म्हटलं, "ही भीती दोन हजार वर्षांची आहे, तुझ्या एकट्याची नव्हे. आता झोप. सकाळी डॉक्टरसाहेबांशी मोकळेपणी बोल."