जुमला हुकूक महफूज

जुने उर्दू पुस्तक उघडले की आतल्या पानावर एक ओळ हमखास भेटते : 'जुमला हुकूक महफूज'. मराठी पुस्तकात तीच ओळ 'सर्व हक्क सुरक्षित' किंवा 'सर्व हक्क स्वाधीन' अशी असते. काही जुन्या मराठी पुस्तकांवर तर ग्रंथकर्त्याची सही किंवा शिक्का नसलेली प्रत चोरीची समजावी, असा इशाराही छापलेला आढळतो. आज मोबाईलवर पुस्तक वाचणाऱ्या आमच्या मुलांना ही ओळ क्वचितच दिसते. त्यांच्यासमोर 'मला मान्य आहे' असे एक बटण येते आणि ती ते न वाचताच दाबतात. त्या ओळीपासून या बटणापर्यंत आपण कसे आलो आणि वाटेत आपले काय हरवले, हे आम्हाला आमच्या शहराच्या निमित्ताने सांगायचे आहे. हे शहर म्हणजे औरंगाबाद. 2023 पासून त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे.

छापखाना येण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरवले जात. शायराच्या दिवाणाची नक्कल करणे हा गुन्हा नव्हता, उलट ती ग्रंथाची सेवा मानली जाई. कातिब शेवटच्या पानावर आपले नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवी. मदरशात उस्ताद आपल्या शागिर्दाला एखादा ग्रंथ शिकवण्याची, पुढे सांगण्याची 'इजाजत' देत. म्हणजे परवानगीची कल्पना आपल्याकडे होतीच, पण ती विद्या पुढे जावी यासाठी होती. गुन्हा होता तो 'सरका', म्हणजे दुसऱ्याचा शेर आपल्या नावावर खपवणे. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो, ती एका अर्थी त्याची सहीच होय. शेर कोणीही उतरवून घ्यावा, कोणीही गावा, पण नाव पुसू नये, असा हा अलिखित कायदा होता.

या रिवाजामुळेच वली आणि सिराज आपल्यापर्यंत पोहोचले. वलीचा दिवाण हस्तलिखितांच्या रूपाने इतका दूर गेला की 1834 साली गार्सां द तासी या फ्रेंच विद्वानाने तो पॅरिसमध्ये छापला. औरंगाबादच्याच लक्ष्मीनारायण शफीक या आझाद बिलग्रामींच्या शागिर्दाने अठराव्या शतकात 'चमनिस्तान-ए-शुअरा' हा शायरांचा तजकिरा लिहिला. एका हिंदू शागिर्दाने मुसलमान उस्तादाच्या हाताखाली तयार होऊन शायरांची नावे जपली, ही गोष्ट आपल्या शहराने विसरू नये अशी आहे. या ग्रंथांवर कोणाचीही मालकी नव्हती. ते टिकले ते उतरवणाऱ्यांमुळे.

या कहाणीतले पुढचे पर्व मौलवी अब्दुल हक यांचे आहे. 1903 साली स्थापन झालेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे ते 1912 साली सचिव झाले आणि संस्थेचे दफ्तर औरंगाबादेत आले. पुढची सुमारे पंचवीस वर्षे उर्दूच्या प्रकाशनाचे एक मोठे केंद्र आपले हे गाव होते. 1921 साली येथून 'उर्दू' हे त्रैमासिक निघाले. अहसन मारहरवी यांनी संपादित केलेले 'कुल्लियात-ए-वली' 1927 साली, शफीकचा 'चमनिस्तान-ए-शुअरा' 1928 साली, आणि मुल्ला वजहीचा 'सबरस' 1932 साली अंजुमनने छापला. 'सबरस' लिहिला गेला 1635 साली, गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे तो हस्तलिखितांतच पडून होता. 1937 साली येथूनच अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू शब्दकोश बाहेर पडला. मराठी भाषेवरील फारसीच्या प्रभावावर त्यांनी लिहिलेले पुस्तकही औरंगाबादचेच. आपण रोज बोलतो त्या मराठीतले 'दरवाजा', 'जमीन', 'शहर', 'बाजार' हे शब्द कोणत्या वाटेने आले, याचा विचार या गावात बसून एका उर्दूच्या विद्वानाने केला होता.

1938 साली अंजुमनचे दफ्तर दिल्लीला गेले. 1947 च्या दंगलीत तिथे लूट झाली, पुस्तके नष्ट झाली. अब्दुल हक कराचीला गेले आणि संस्थाही दोन झाल्या, एक भारतात आणि एक पाकिस्तानात. 16 ऑगस्ट 1961 रोजी कराचीत त्यांचे निधन झाले.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजी अमलात 1847 चा कायदा आला. त्याने लेखकाच्या हयातीपर्यंत आणि पुढे सात वर्षे, किंवा एकूण बेचाळीस वर्षे हक्क दिला. 1914 च्या कायद्याने मृत्यूनंतर पन्नास वर्षांची मुदत घातली. आजचा कायदा 1957 चा आहे. रवींद्रनाथ ठाकूर 1941 साली गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क 1991 अखेर संपत होता. तो विश्वभारतीकडे आणखी काही काळ राहावा म्हणून सरकारने मुदत पन्नासवरून साठ केली. ही वाढ एकट्या रवींद्रनाथांसाठी करता येत नव्हती, म्हणून ती सर्वांनाच लागू झाली. पन्नास वर्षांच्या हिशेबाने अब्दुल हक यांचे लेखन 2012 च्या आरंभी खुले झाले असते. साठ वर्षांच्या हिशेबाने आपल्या देशात ते 1 जानेवारी 2022 रोजी खुले झाले. त्या दिवसापासून मराठीवरच्या फारसीच्या प्रभावाचे त्यांचे पुस्तक कोणीही छापावे, कोणीही मराठीत आणावे, कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

हीच मोजपट्टी आपल्या इतर माणसांना लावून पाहावी. हमीद दलवाई 1977 साली गेले. 'इंधन'वरचा हक्क 2037 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे आहे. वैजापूरला जन्मलेले आणि अजिंठा-वेरूळवर कविता लिहिणारे सिकंदर अली वज्द 1983 साली गेले. त्यांच्या कवितेवरचा हक्क 2043 अखेर संपेल. वली, सिराज, शेख महंमद हे तर केव्हाच सर्वांचे झालेले आहेत. कोणाला ही मुदत फार लांब वाटेल. आम्हालाही वाटते. पण तिचा एक गुण मान्य केला पाहिजे, तिला शेवट आहे. कायदा लेखकाला म्हणतो, तुझ्या मेहनतीचे तू आणि तुझी मुले खा, आणि मग ती समाजाला परत दे.

लेखकाचा हक्क आम्ही क्षुल्लक मानत नाही. इस्लामी फिकहच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने 1988 साली कुवेतच्या बैठकीत लेखनाचा हक्क हा शरीयतने संरक्षित असा मालमत्तेचा हक्क असल्याचे ठरवले. त्याआधीच्या पिढीतील काही उलेमा ज्ञानाची विक्री मान्य करत नसत, म्हणून या ठरावाला महत्त्व आहे. मराठी मुस्लिम लेखकाच्या पुस्तकाच्या प्रती किती खपतात, हे या वार्षिकाच्या वाचकांना सांगायला नको. त्याच्या नव्या कादंबरीची पीडीएफ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर दहा गटांत पाठवणारा माणूस स्वतःला साहित्यप्रेमी समजतो. प्रत्यक्षात तो लेखकाचे पुढचे पुस्तक मारत असतो. हे बंद झाले पाहिजे.

पण आता लेखकाच्या हक्काबरोबर आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे डिजिटल कुलूप. पुस्तक, गाणे, चित्रपट किंवा सॉफ्टवेअर यांना असे कुलूप घालतात की विकत घेणाऱ्याला ते ठरलेल्या यंत्रावर, ठरलेल्या पद्धतीनेच वापरता येते. आपण पैसे भरून पुस्तक 'घेतले' असे म्हणतो, पण घेतलेला असतो तो वाचण्याचा परवाना. 2009 च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके अमेरिकेतील ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली, कारण ज्या विक्रेत्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली, पण पुस्तके गेली. त्यातले एक '1984' होते, सरकार जुने कागद जाळून इतिहास बदलते त्याची कादंबरी. 2019 साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हा ग्राहकांच्या कपाटातली पुस्तकेही बंद झाली. कागदाच्या पुस्तकाचा दुकानदार रात्री घरात शिरून कपाट रिकामे करू शकत नाही.

आमचाच एक अनुभव सांगतो. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी एक विशेषांक काढला. मजकूर शहरातल्या एका डीटीपी केंद्रात जुळवला. त्या मराठी सॉफ्टवेअरला संगणकाच्या मागे लावायचे एक छोटे कुलूप होते, डोंगल म्हणत त्याला. ते लावले नाही तर कार्यक्रम सुरूच होत नसे. पुढे केंद्र बंद झाले, मालक गाव सोडून गेले, कुलूप त्यांच्याबरोबर गेले. आमच्याकडे सीडी राहिली. अलीकडे ती उघडली तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग. अक्षरे आमची, मजकूर आमचा, हक्क आमचा, आणि तो आम्हालाच वाचता येईना. शेवटी एका वाचकाकडे जपलेल्या छापील अंकावरून युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घ्यावा लागला. जवळजवळ चारशे वर्षांचा 'सबरस' वाचता येतो आणि वीस वर्षांचा आमचा अंक वाचता येत नाही. हक्काची मुदत साठ वर्षांनी तरी संपते. कुलपाला मुदतच नसते. ज्याच्याकडे किल्ली होती तो नाहीसा झाला तरी कुलूप तसेच राहते.

आपल्या कायद्याने या बाबतीत थोडे शहाणपण दाखवले आहे. 2012 च्या दुरुस्तीने 65 अ हे कलम आले. हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर तो गुन्हा नाही. अमेरिकेचा 1998 चा कायदा याहून बराच कडक आहे. याच दुरुस्तीने दृष्टिहीनांसाठी पुस्तक वाचण्याजोग्या रूपात आणायला मोकळीक मिळाली, आणि त्यासंबंधीच्या माराकेश कराराला 2014 साली जगात सर्वांत आधी भारताने मान्यता दिली. ही अभिमानाची गोष्ट आहे. तरी अडचण उरतेच. कुलूप उघडण्याची मुभा कागदावर असली तरी उघडण्याचे साधन सामान्य वाचकाच्या हाती नसते.

खुले झालेले साहित्यही आपोआप लोकांपर्यंत पोहोचत नाही. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या योजनेत उस्मानिया विद्यापीठातील उर्दू पुस्तकांसह लाखो पुस्तके स्कॅन झाली होती. त्यात हक्क संपलेली आणि न संपलेली अशी दोन्ही मिसळली गेली, आणि कॉपीराइटच्या तक्रारींमुळे 2017 च्या सुमारास ते दालन बंद झाले. कोणाचे पुस्तक, लेखक केव्हा वारला, एवढी नोंद नीट ठेवली असती तर वलीला जिवंत लेखकांबरोबर दाराबाहेर उभे राहावे लागले नसते. त्यातील बरीच पुस्तके इतरांनी उतरवून घेऊन इंटरनेट अर्काइव्हवर ठेवली होती, म्हणून ती वाचली. म्हणजे पुन्हा कातिबच कामी आला. दुसरे उदाहरण शेजारच्या गोव्याचे आहे. गोवा विद्यापीठाने 2013 साली कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड मुक्त परवान्याखाली दिले. नाव द्या, वापरा, पुढे द्या, हीच त्या परवान्याची अट. सरका करू नका, नक्कल खुशाल करा, हा आपला जुना रिवाजच नव्या भाषेत परत आला, असे आम्हाला वाटते.

तेव्हा आपल्या हाती काय आहे? लेखकांनी प्रकाशकाशी करार करताना डिजिटल हक्क कोणाकडे आणि किती वर्षे, हे लिहून घ्यावे. दिवंगत लेखकांच्या वारसांनी निदान दुर्मीळ झालेल्या पुस्तकांना मुक्त परवाना देण्याचा विचार करावा, नाहीतर 2043 साल उजाडेपर्यंत वाचायला कागदच शिल्लक उरणार नाही. संपादकांनी प्रत्येक अंक युनिकोडमध्ये, कुलपाविना, दोन-तीन ठिकाणी ठेवावा. ज्यांच्या घरी आजोबांची उर्दू पुस्तके, बाडे, पत्रे आहेत त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी निदान एकदा छायाचित्रे काढून घ्यावीत. आणि अब्दुल हक यांचे मराठी-फारसीवरचे पुस्तक मराठी वाचकांपर्यंत नेण्याचे काम या शहरातल्या कोणा तरुणाने अंगावर घ्यावे. कायद्याने दार उघडले आहे, आत जाणारा हवा.

अब्दुल हक यांनी लिहिलेल्या व्यक्तिचित्रांत एक नामदेव माळ्याचे आहे. बीबी-का-मकबऱ्याच्या बागेत काम करणारा, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला हा माणूस. त्याला मूलबाळ नव्हते. तो रोपांनाच आपली लेकरे समजून जपत असे. बाग त्याची नव्हती, झाडांवर त्याचा कसलाही हक्क नव्हता. तरी ती हिरवी राहिली ती त्याच्या हातांमुळे. एका मराठी माळ्याचे हे चित्र उर्दूत लिहिले गेले आणि सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी वाचले गेले. आज ते सर्वांच्या मालकीचे आहे. जे सर्वांचे असते ते बहुधा कोणीच सांभाळत नाही. नामदेवाने सांभाळले होते.