तयार काचेत शिरणारा रंग : प्रस्तावना

काच रंगीत करायची तर वितळलेल्या रसातच कोबाल्ट किंवा मँगनीजचे ऑक्साइड मिसळतात. या पुस्तकाचा विषय मात्र वेगळा आहे. इथे काच आधी तयार होते, थंड होते आणि रंग तिच्यात नंतर शिरतो.

युरोपातल्या चर्चच्या खिडक्या घडवणाऱ्यांना हे 14व्या शतकाच्या आरंभीच साधले होते. चांदीचे संयुग मातीत कालवून ते काचेच्या मागच्या बाजूला लेपत आणि काच भट्टीत घालत. थंड झाल्यावर लेप पुसला की फिक्या पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंतची छटा उमटलेली असे. त्यामुळे संताचा गोरा चेहरा आणि सोनेरी केस एकाच तुकड्यावर रंगवता येऊ लागले. मध्ये शिशाची पट्टी घालण्याची गरज उरली नाही. इजिप्त आणि सीरियातल्या कारागिरांनी तर चांदीचा असा वापर त्याच्याही कित्येक शतके आधी केला होता.

उष्णतेने काचेतले सोडियमचे आयन हलू लागतात आणि लेपातले चांदीचे आयन त्यांच्या जागा घेतात. दोघांचा विद्युतभार सारखाच, म्हणून काचेची घडण टिकते. पण एवढ्याने रंग येत नाही, कारण चांदीचा आयन रंगहीन असतो. त्याला इलेक्ट्रॉन मिळून अणू झाला आणि असे अणू जमून काही नॅनोमीटरचा कण बनला, की त्या कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलू लागतात. सुमारे 400 ते 420 नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला पिवळा दिसतो. बारीक धातुकणांचा रंगाशी असलेला संबंध मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये सोन्यावर अभ्यासला. त्याचे गणित गुस्टाव्ह मी यांनी 1908 मध्ये मांडले.

नवा अभ्यासक बहुधा किती चांदी शिरली एवढेच मोजतो. माझ्या मते ती कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. खिडकीची आजची सपाट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. थोडे सिल्व्हर नायट्रेट घातलेल्या वितळलेल्या सोडियम नायट्रेटमध्ये ती बुडवली, तर चांदी दोन्ही बाजूंनी शिरते. पिवळी होते ती मुख्यतः कथिलाची बाजू, कारण तिथले कथिल चांदीला इलेक्ट्रॉन देते. मार्गदर्शक सोबत असेल तर विद्यार्थ्यांनी पहिला प्रयोग हाच करावा. फक्त वितळलेल्या नायट्रेटजवळ तेल, कागद, कापूस येऊ देऊ नये. ते पटकन पेट घेतात.