नव्या मोटारीची तात्पुरती नोंदणी : सोलापूरच्या संदर्भात एक विचार

मोटारीचे मूल्य चुकते झाले म्हणजे ती खरेदीदाराची झाली, असे व्यवहार मानतो. परंतु रस्त्यावर ती कोणाची आणि कोठली, हे नोंदणी झाल्याखेरीज ठरत नाही. या दोन क्षणांमधल्या अवधीत गाडी कोणत्या आधारावर चालवावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारकुनी वाटतो. वस्तुतः तो अंतराचा आणि हद्दीचा प्रश्न होय. आणि सोलापूरसारख्या सीमेलगतच्या शहरातून पाहिले असता त्याचे हे स्वरूप विशेष स्पष्ट होते.

इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने मोटारींना क्रमांक आले. मुंबई इलाख्याने १९०४ साली स्वतःचा मोटार कायदा केला आणि १९१४ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो मात्र १९३९ चा कायदा. मोटारीची नोंदणी मालकाचे निवासस्थान अथवा व्यवसायाची जागा जेथे आहे आणि गाडी जेथे एरवी ठेवली जाते, त्या प्रांतात व्हावी, हे त्याचे मूळ तत्त्व. हे तत्त्व मान्य करताच एक अडचण उद्भवते. गाडी विकत मिळते एका गावी आणि नोंदवावयाची असते दुसऱ्या गावी. मधला रस्ता तिने कसा कापावा? कलम २५ ने याचे उत्तर दिले. मालकाने कोणत्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा व तात्पुरते प्रमाणपत्र आणि तात्पुरता क्रमांक घ्यावा. त्याची मुदत फार तर एक महिना. आणि त्याचे नूतनीकरण नाही.

या नकाराकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. तात्पुरता क्रमांक पुन्हा पुन्हा मिळू लागला असता, तर गाडीला कायमचे बिऱ्हाड करण्याची गरजच उरली नसती. प्रांताचा मोटार-कर बिऱ्हाडाशी निगडित होता. मुंबई इलाख्यात तो १९३५ च्या कायद्याने व पुढे १९५८ च्या कायद्याने बसविला गेला. पण महसुलापेक्षाही मोठी गोष्ट उत्तरदायित्वाची होती. अपघात करून निघून गेलेल्या गाडीचा माग लावावयाचा, तर क्रमांकावरून मालकापर्यंत आणि मालकावरून घरापर्यंत पोहोचता आले पाहिजे. अशा गाडीला रस्त्यावर राहू देण्याची कायद्याची सहनशक्ती महिनाभराची होती, इतकेच.

सोलापूरला हा महिना कशासाठी लागे, हे पाहण्यासारखे आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे जन्माने सोलापूरचे (१८८२). त्यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. पण गाड्या तयार होत त्या मुंबईत. तेथे घेतलेली फिएट सोलापूरकराला बोरघाट चढून पुणे, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असा सुमारे चारशे किलोमीटरांचा प्रवास करून घरी आणावी लागे. हा रस्ता दोन दिवसांत सरत असला, तरी कागदपत्रे व अधिकाऱ्याची तपासणी धरून महिना फार मोठा नव्हता.

पूर्वेकडे अडचण निराळीच होती. १९३९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. सोलापुरातून हैदराबादच्या रस्त्याने निघाल्यास सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर नळदुर्ग, आणि ते निजामाच्या मुलखात. आग्नेयेस अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान. १९४८ साली अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यात आले आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तोपर्यंत कायमच्या क्रमांकाचीही सत्ता सोलापूरच्या वेशीपासून काही तासांच्या अंतरावर संपत असे. तात्पुरत्याची तर बोलायलाच नको.

मालमोटारींबाबत महिना खरोखरच अपुरा पडे. कारखान्यातून केवळ चॅसिस येई आणि तिच्यावर सांगाडा चढविण्यास सुतार-लोहार कितीही दिवस घेत. म्हणून १९८८ च्या कायद्याच्या मूळ कलम ४३ मध्ये मुदतवाढीची सोय होती. तयार मोटारीला ती नव्हती. विक्रेत्याच्या ताब्यातील गाड्यांसाठी व्यापारी प्रमाणपत्राची वेगळी वाट आहे. तिचा उपयोग चाचणी, प्रात्यक्षिक वा नोंदणीच्या ठिकाणी ने-आण अशा ठरावीक कामांपुरताच. १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणी न झालेली गाडी विक्रेत्याने खरेदीदाराच्या हवाली करता कामा नये. क्रमांकाच्या जागी ‘ए/एफ’, म्हणजे ‘अर्ज केला आहे’, एवढीच अक्षरे रंगविण्याची जी रीत गावोगाव दिसे, तिला कायद्याचा आधार नव्हता. अर्ज म्हणजे नोंदणी नव्हे.

या भेदाची किंमत किती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवरून कळते. पहिल्या प्रकरणात तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ रोजी संपली आणि २ फेब्रुवारीस गाडीला अपघात झाला. विम्याचा हप्ता भरलेला होता, विमा चालू होता. तरीही नोंदणीविना सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालविणे हा विमाकराराचा मूलभूत भंग होय, असे न्यायालयाने २०१४ साली ठरविले आणि गाडीची भरपाई नाकारली. दुसऱ्या प्रकरणातील गाडी पंजाबात खरेदी केलेली. तिची मुदत १९ जुलै २०११ रोजी संपली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ती जोधपूर येथे रात्री उभी असता चोरीस गेली. २०२१ च्या निर्णयात येथेही मालकाच्या हाती काही आले नाही. चोराला क्रमांकाशी काय कर्तव्य, असा प्रश्न सामान्य माणूस विचारील, आणि तो अगदीच गैर नाही. परंतु गाडी त्या गावापर्यंत नोंदणीविना चालवीत आणली गेली, याकडे न्यायालयाने बोट दाखविले. नऊ दिवसांच्या हयगयीला संपूर्ण गाडीचे मोल ही शिक्षा कठोर आहे, यात संशय नाही. तथापि १९३९ च्या ‘नूतनीकरण नाही’ या शब्दांशी ती सुसंगत आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने मुळावरच उपाय केला. राज्यातील विक्रेत्याकडून घेतलेल्या नव्या गाडीचा नोंदणी-अर्ज आता विक्रेत्यानेच करावयाचा असतो, तोही राज्यातील कोणत्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे. आणि क्रमांकाची पाटी लागल्याखेरीज गाडी मालकाच्या हाती द्यावयाची नाही. दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त साधू पाहणाऱ्यांना हा नियम जाचतो, हे खरे. पुण्यात गाडी घेणाऱ्या सोलापूरकराला मात्र ती आता तेथूनच कायमच्या क्रमांकानिशी आणता येते.

तात्पुरत्या नोंदणीचे खरे क्षेत्र त्यामुळे राज्याच्या सीमेपर्यंत मागे हटले आहे. सोलापुरात गाडी घेऊन ती विजापूरला किंवा गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या विजयपुरास वा कलबुर्गीस नेणाऱ्या ग्राहकाला सोलापूरचा एम.एच. १३ अथवा अकलूजचा एम.एच. ४५ हा क्रमांक उपयोगाचा नाही. त्याला पिवळ्या पाटीवरील तांबड्या अक्षरांचा तात्पुरता क्रमांक घेऊनच अक्कलकोट किंवा मंद्रूपच्या रस्त्याला लागावे लागते.