तिरानात न्यायाधीशांची झाडाझडती

21 जुलै 2016 ची मध्यरात्र उलटली तरी अल्बेनियाची संसद बसून होती. अखेर मतदान झालं. घटनादुरुस्तीच्या बाजूने 140, विरोधात एकही नाही. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष त्या रात्री एकत्र आले, कारण न्यायव्यवस्था साफ केल्याशिवाय युरोपीय संघाशी सदस्यत्वाची बोलणी सुरू होणार नाहीत, हे स्पष्ट झालं होतं.

हे दुखणं जुनं होतं. साम्यवादी हुकूमशहा एन्वर होजाच्या राजवटीने 1967 मध्ये वकिलीचा व्यवसायच मोडीत काढला. साम्यवादी सत्ता कोसळल्यावर न्यायालयं घाईघाईने उभी राहिली; काही जण तर अवघ्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून न्यायाच्या खुर्चीवर बसले. पुढे निकाल विकत मिळतात अशी लोकांची खात्रीच झाली. कुंपणच शेत खात होतं.

उपाय जालीम निघाला. सुमारे 800 न्यायाधीश आणि सरकारी वकील, सगळ्यांची फेरतपासणी. मालमत्ता, गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध आणि कामाचा दर्जा या तीन कसोट्या. त्यातली पहिलीच बहुतेकांना जड गेली. फ्लॅट कुठल्या पैशांतून घेतला, याचे कागद न्यायाधीशांनीच दाखवायचे होते. बेहिशेबी मालमत्ता सिद्ध करण्याचा भार तपासणी करणाऱ्या आयोगावर नव्हता. अनेक वर्षांपूर्वीची खरेदीही यातून सुटली नाही. घटना न्यायालयाच्या एका बडतर्फ न्यायाधीशाने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, पण 2021 मध्ये स्ट्रासबर्गमधल्या या न्यायालयाने ही पद्धत ग्राह्य धरली. निम्म्याहून अधिक जण बडतर्फ झाले किंवा आपणहून पद सोडून गेले.

मग न्याय द्यायला उरलं कोण?

नऊ सदस्यांच्या घटना न्यायालयात काही काळ एकच न्यायाधीश उरला. 2018 पासून दोन वर्षांहून अधिक काळ तिथे गणपूर्तीच होत नव्हती. उच्च न्यायालयात 30,000 हून जास्त खटले तुंबले. पेन्शनचा, जमिनीचा, वारसाहक्काचा दावा घेऊन आलेल्या सामान्य माणसाने या सफाईची किंमत मोजली. याच काळात, 17 मे 2020 च्या पहाटे, कलावंतांचा तीव्र विरोध डावलून राजधानी तिरानातलं राष्ट्रीय नाट्यगृह पाडलं गेलं. पुन्हा उभ्या राहिलेल्या घटना न्यायालयाने 2021 मध्ये त्यामागचे सरकारी निर्णय घटनाबाह्य ठरवले. तोवर नाट्यगृह उरलंच नव्हतं.

तरीही ही झाडाझडती वाया गेली असं म्हणता येणार नाही. 2019 अखेर उभ्या राहिलेल्या ‘स्पाक’ या विशेष तपास यंत्रणेने पूर्वी कुणी हात लावला नसता अशा माणसांवर हात टाकला. कचरा जाळण्याच्या प्रकल्पांच्या प्रकरणात माजी पर्यावरण मंत्री लेफ्तेर कोका दोषी ठरले. माजी राष्ट्राध्यक्ष इलिर मेता 2024 मध्ये, तर तिरानाचे महापौर एरिऑन वेलिआय 2025 मध्ये अटकेत गेले. दोघांनाही आरोप अमान्य आहेत. त्याआधीच, 2022 मध्ये, युरोपीय संघाशी बोलणीही सुरू झाली होती.

आता संघाच्या दारात उभ्या असलेल्या मोल्दोवानेही न्यायाधीशांची अशीच छाननी हाती घेतली आहे. भ्रष्ट न्यायाधीशांना घरी पाठवण्यात अल्बेनिया चुकला नाही. त्यांच्या जागी बसणारे नवे न्यायाधीश आधी तयार ठेवले नाहीत, ही त्याची चूक. मोल्दोवाने ती टाळलीच पाहिजे.